जांभळ्या चपलेचा बेडूक

माझी चप्पल वितळवणाऱ्या माणसाबद्दल मी गोड गोड लिहावं, अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. पावसाळी चप्पल होती ती, जांभळी, मऊ प्लास्टिकची, मूल गावच्या आठवडी बाजारातून मी हौसेने घेतलेली. एका पायाचा बंद जरा चिरला होता, बाकी ठणठणीत होती. शाळेतून आले, दाराबाहेर काढली, चहा पिऊन बाहेर डोकावले तर एकच पाय जागेवर. गल्लीतल्या कुत्र्याला मी मनसोक्त शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी उरलेला पायही गेला. कुत्रा काही जोडी पुरी करायला परत येत नाही, पण ते तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. पुढच्या आठवड्यात अंगणातल्या न्हाणीत आंघोळीला गेले, तर माझ्या बादलीत एक जांभळा बेडूक तरंगत होता आणि लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघत होता.

मी ओरडले. बाहेरून शांत आवाज आला, "बाई, पाणी हलवू नोका. बेडूक डावीकडं कलते का, तेवढं सांगा फक्त."

हे आमचे घरमालक. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, निवृत्त होऊन मूलला घरी आले. सारं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, मीही म्हणायचे. मी वर्ध्याकडची, इथल्या हायस्कुलात मराठी शिकवायला आलेली, आणि त्यांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्यांची भाडेकरू. भाड्यात माझ्या चपला धरलेल्या नव्हत्या. मी तसं स्पष्ट बोलले. त्यावर त्यांनी मलाच विचारलं, एक चप्पल फाटली होती, तुम्ही एका चपलेने चालणार होता का? मी म्हटलं, मग जी फाटली नव्हती ती का नेलीत? तर म्हणाले, "रंग जुळाले पाह्यजे ना."

अशा माणसाशी भांडणार कसं? भांडायला समोरच्याला आपण चुकलो असं निदान पाच टक्के तरी वाटावं लागतं.

भाऊ मासे धरण्याचे खोटे बेडूक बनवायचे. आमच्या भागातल्या जुन्या मामा तलावांत, म्हणजे मालगुजारांनी बांधलेल्या तळ्यांत, मरळ नावाचा मासा असतो. तोंड सापासारखं, अंगात ताकद, आणि बेडकावर जीव. गळ टाकणारे हौशी लोक त्याच्यासाठी वेडे असतात. बाजारात प्लास्टिकचे बेडूक मिळतात, पण भाऊंच्या मते ते बेडूक नव्हते, फुगे होते. मरळ एकदा चावते आणि थुंकून टाकते. भाऊंच्या बेडकाच्या पोटात पांगाऱ्याच्या लाकडाचा गाभा असायचा. पांगारा हलका, सुरीने मुळ्यासारखा सोलला जातो. त्या गाभ्यातून तार आणि गळ जायचा, आणि गाभ्याभोवती साच्यात मऊ प्लास्टिक ओतलेलं असायचं. लाकूड बेडकाला तरंगवायचं, गळ घट्ट धरायचं, आणि वरचं मांस चावताना खऱ्यासारखं दबायचं. डोळ्यांना जंगलातल्या लाल गुंजा. पाठीवर पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो रंग, वर बेगडाची चिमूट. काम सुंदर होतं, हे मला रागातही कबूल करावं लागतं.

पण त्या सुंदर कामाचा वास! जुन्या पावसाळी चपला, बूट, बाहुल्या, सगळं कातरून एका डेचकीत जायचं, चंद्रपूरहून आणलेलं कसलंसं तेल पडायचं, आणि चुलीवर ते रटरटायचं. डोळे चुरचुरायचे, माझ्या वाळत घातलेल्या साड्यांना तो वास धरायचा, वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या. शेजारी भांडायला यायचे. भाऊ त्यांना आत बोलवून, तोंडावर गमछा बांधायला देऊन, साचा कसा उघडायचा ते दाखवायचे. शेजारी भांडण विसरून बेडूक बघत बसायचे. मला या लोकांचाही राग यायचा. तक्रार करायला आलात ना, मग तक्रार करा.

काकू म्हणजे भाऊंची बायको. त्यांनी आयुष्यात नवऱ्याला अडवलं नाही आणि त्याचं काही ऐकलंही नाही. डेचकी गेली की नवी आणायच्या आणि ती धान्याच्या कोठीत लपवायच्या. भाऊ स्वतः मासा खात नव्हते. लहानपणी घशात काटा अडकला होता, तेव्हापासून मासा समोर आला की ताट घेऊन अंगणात जायचे. मासे धरायलाही जात नसत. त्यांना फक्त एवढंच हवं असायचं की त्यांनी बनवलेला बेडूक माशाला खरा वाटावा. "फेकणारा येडा राह्यला तरी चालते, बाई. मासा येडा राहून नाई चालत," असं म्हणायचे. माशाला फसवायची वस्तू बनवायची, आणि वर ती अस्सल आहे म्हणून छाती फुगवायची. मी तसं एकदा म्हणून दाखवलं. दोन दिवस भाऊ अंगणातल्या शेडचं दार लावून काम करत बसले.

गिऱ्हाईक आलं की आधी त्याची परीक्षा व्हायची. कुठल्या तळ्यावर जाता, पाणी कसं आहे, काठाला लव्हाळा आहे की कमळ. "खेळणं" असा शब्द ज्याच्या तोंडून निघाला तो रिकाम्या हाताने गेला. भाव करणाराही गेला. आणि जो उरला त्याला शपथ घ्यावी लागायची. पडवीत तळ्याच्या पाण्याची बादली भरून ठेवलेली असायची. गिऱ्हाइकाने त्यात उजवा हात घालायचा आणि भाऊंच्या मागे म्हणायचं: आखाड लागला की बेडूक पेटीत. पोळा फुटल्याबिगर पाण्यात नाई. पिल्लंवाल्या मायच्या अंगावर तर कदीच नाई.

हे काय आहे, ते मला सिंधूबाईंनी सांगितलं. सिंधूबाई तळ्याकाठच्या गावातल्या ढिवरीण, मासे विकायला टोपली घेऊन आमच्या दारावर यायच्या. पावसाळ्यात मरळीची अंडी फुटतात. लालसर पिल्लांचा एक गोळाच पाण्यावर तरंगत फिरतो, आणि त्याच्या खाली आईबाप पहारा देतात. त्या दिवसांत मरळ भुकेसाठी चावत नाही. पिल्लांवर काहीही आलं की ती रागाने झडप घालते. म्हणून त्या गोळ्यावर कुणी बेडूक फेकला, तर मरळ सापडलीच. भुकेला मासा एखाद वेळ चुकतो, आई चुकत नाही. ढीवर लोक तेव्हा मरळीला हात लावत नाहीत. तळ्यात सोडलेले रोहू-कतला ठेकेदाराचे, पण आपोआप वाढणारी मरळ ढिवरांची, असा जुना रिवाज आहे. हिवाळ्यात तीच त्यांच्या घरात चार पैसे आणते.

भाऊंचा त्या शपथेवर पूर्ण विश्वास होता. डेपोत सगळी नोकरी गेली, सहकाऱ्यांनी पाने-पकडी चोरलेल्या पाहिल्या, तरी हा माणूस समजत होता की पाण्यात हात घालून माणूस खोटं बोलू शकत नाही! मला हसू यायचं. मग त्या हसण्याचा राग यायचा, कारण असं वाटणारा माणूस गावात एकच उरला होता.

त्यांचं एक स्वप्न होतं. नागपूरच्या एका मोठ्या दुकानात गळ, दोऱ्या, काठ्या विकायला असतात. तिथे काचेमागे आपला बेडूक लटकलेला असावा, खाली जाड कागदावर "चांद्याचा बेडूक" आणि त्याखाली आपलं नाव. तो कागद त्यांनी कापून, रंगवून तयारच ठेवला होता. पाहुण्यांना दाखवायचे, मला तर तो दर महिन्याला नव्याने बघावा लागे. त्या दुकानदाराने कुणाकडे तरी भाऊंचा बेडूक पाहिला होता आणि बघायला येतो असं फोनवर कळवलं होतं. त्या दिवसापासून भाऊ रोज दाढी करायला लागले.

माझ्या चपलेचा बेडूक त्यांनी मला परत दिला, हे सांगायचं राहिलं. गळ न बसवता दिला. मी विचारलं, गळ कुठे आहे? म्हणाले, "चपलेले गळ कायले पाह्यजे?" मी तो फ्रिजवर ठेवला. माझी चप्पल होती, मी कुणाला का देऊ?

त्या वर्षी आखाड लागून बरेच दिवस झाले होते, आणि सिंधूबाई टोपलीशिवाय आल्या. त्यांनी पडवीत एक बेडूक टाकला. हिरवा होता, तुटका दोरा लोंबत होता, गुंजेचा एक डोळा गेलेला.

"तुमचाच ना भाऊ?" त्या म्हणाल्या. "मेल्या मरळीच्या जबड्यातून काढला. माय उचलली, पिल्लं उघडी पडली. पाहता पाहता खाल्ली चिलापी माशायनं. हिवाळ्यात आमी काय खाचं, ते सांगा."

प्रत्येक बेडकाच्या पोटावर भाऊ वेगळी खूण करत. त्यांनी बेडूक उचलला, पालथा केला आणि त्यांना लगेच कळलं की तो कुणाला दिला होता. तळ्याचा ठेका एका राइस मिलच्या मालकाकडे होता. त्याचं नाव मला माहीत आहे, पण घेणार नाही, नाव घेण्याची त्याची लायकी नाही. मिलवाला म्हटलं तरी पुष्कळ झालं. तो आणि त्याचे मित्र दर रविवारी तळ्यावर सराव करत होते, सगळे भाऊंचे बेडूक घेऊन. सगळ्यांनी बादलीत हात घातलेला होता. सराव कशाचा? तर श्रावणात मिलवाला तळ्यावर स्पर्धा भरवणार होता. सगळ्यात मोठी मरळ धरेल त्याला मोटारसायकल. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर हात जोडलेला मिलवाला आणि त्याच्या डोक्याएवढा भाऊंचा बेडूक.

भाऊ त्याच्याकडे गेले. परत येऊन काकूंना सांगत होते ते मी ऐकलं. मिलवाला म्हणाला होता, भाऊ, मी श्रावणात कांदा खात नाही, मी मासा कशाला मारू? धरू, वजन करू, फोटो काढू, सोडून देऊ. भाऊंनी सांगितलं, वजनकाट्यावरून आई परत येईपर्यंत पिल्लं संपलेली असतात. त्यावर त्याने हसून भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, तुमचा नागपूरचा दुकानदार मी मुद्दाम त्याच दिवशी बोलावलाय, तुमचंच भलं होऊन राह्यलं. कांद्याचं सोवळं पाळायचं आणि आईला पिल्लांवरून उचलून तिचा फोटो काढायचा! मी असते तर त्याच्या फ्लेक्सला तिथेच काडी लावली असती.

काही दिवस गेले. मग एका सकाळी त्यांनी मिलवाल्याला फोन केला, माझ्यादेखत. प्रत्येक स्पर्धकाला नवा बेडूक देतो म्हणाले. फुकट. अट एकच, जुना आधी आणून द्यायचा आणि नवा स्पर्धेच्या सकाळी तळ्यावर घ्यायचा, कारण जुन्यात जरा खोट राहिली आहे. मी हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. दुकानाच्या काचेसाठी शपथ विकलीत ना, असंही बोलले. भाऊंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं काय, बाई?"

त्यानंतर अंगणातला आवाज बदलला. पांगारा सोलताना आवाज असा होतच नाही. आता करवत करकरायची, कानस घासायची, मध्येच पातं तुटायचं. काकू कुरकुरत होत्या, घरातले कुऱ्हाडीचे दांडे कुठे गेले म्हणून. कुऱ्हाडीचा दांडा आमच्याकडे धावड्याचा असतो, आणि धावडा म्हणजे लोखंडाचा भाऊ. मी शेतकऱ्याची मुलगी आहे. मला लाकूड कळतं.

मी शेडमध्ये गेले. ओळीने बेडूक ठेवले होते, सगळे देखणे, आजवरच्या सगळ्यांपेक्षा देखणे. एक उचलला आणि हाताला वजन लागलं. न्हाणीत जाऊन माझ्याच बादलीत टाकला. तो सरळ तळाशी गेला. भाऊ मागून आले होते.

"सरळ बसला का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, भाऊ, दुकानदार येणार आहे ना त्या दिवशी? ते "हाव" म्हणाले. तो हे बघणार. त्याला वाटेल तुम्हाला येतच नाही काही. सगळ्यांनाच वाटेल.

"वाटू द्या. पण बुडाले तरी सफाईनं बुडाले पाह्यजे," ते म्हणाले. मग बादलीत हात घालून त्यांनी बेडूक काढला आणि गमछ्याने पुसला. "बाई, शपथ मी घ्यायले लावली. त्यायनं नाई पाळली. मंग बेडकालेच पाळा लागन ना."

जमा झालेले जुने, तरंगणारे बेडूक त्यांनी अडकित्त्याने कातरले. मी बघितलं. एकेक उलटा करून आधी पोट बघायचे, आणि मग कातरायचे. हे सांगितलं तर पुढच्या रविवारी स्पर्धा परत भरेल, म्हणून कुणाला सांगायचं नव्हतं, काकूंनाही नाही. माझ्यासाठी त्यांनी पडवीतली बादली आणली. मी हात घातला नाही. तुमच्या शपथांचं काय होतं ते पाहिलंय मी, असं म्हटलं, आणि अशा गोष्टीवर गप्प बसायची शपथ मी का घेऊ? त्यांचा चेहरा उतरला. शेवटी म्हणाले, "मंग माझ्या जीतेपणी तरी बोलू नोका." तेवढं मी मान्य केलं, कोरड्या हाताने.

स्पर्धेच्या दिवशी भाऊ इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तळ्यावर आले. मीही गेले. मांडव, माइक, मिलवाल्याचे फोटो, सगळं होतं. शिट्टी झाली, काठाकाठाने बेडूक पडले, आणि एकामागून एक बुडाले. ज्यांनी ओढले त्यांचे कमळाच्या देठांत अडकले. दोरे तुटायला लागले. लोक आधी एकमेकांना दोष देत होते, मग सगळ्यांनी भाऊंकडे बघितलं. नागपूरचा दुकानदार चांगला माणूस दिसत होता. त्याने एक बेडूक हातात घेऊन वजन पाहिलं, भाऊंकडे पाहिलं. बेडूक टेबलावर ठेवला आणि जेवणाच्या आधीच गाडीत बसून गेला.

मिलवाल्याने माइक घेतला आणि म्हणाला, "भाऊनं बेडूक तर बनवला, पण पोहाले शिकवाचं भुलला." सगळा काठ हसला. पलीकडच्या काठावर सिंधूबाई उभ्या होत्या, त्याही हसल्या. त्यांना काय माहीत? भाऊ हसणाऱ्यांकडे बघत नव्हते. मी त्यांची नजर धरून पाहिलं. दूर, लव्हाळ्याच्या बाजूला, पाण्यावर एक लालसर गोळा हळूहळू सरकत होता. त्याच्याजवळपास कुणाचा बेडूक पोचलाच नव्हता.

पुढच्या वर्षी तळ्यावर स्पर्धा झाली नाही. मिलवाल्याने क्रिकेटच्या मॅच घेतल्या. गावाला मात्र एक म्हण मिळाली. कुणाची मोटारसायकल बंद पडली, कुणाचा पोरगा नापास झाला, कुणाचं उद्घाटन फसलं, की भाऊचा बेडूक झाला म्हणायचं. माझ्याच वर्गातल्या एका मुलीने निबंधात तसं लिहिलं. मी तिचे मार्क कापले आणि कारण सांगितलं नाही. चहाच्या टपरीवर भाऊंना बघून पोरं डराव डराव करायची, मोठी माणसं त्यांना दटावत नसत. अरे, ज्या माणसाच्या बेडकासाठी तुम्ही दारात रांग लावत होता! एका सकाळीत विसरलात?

आणि मला भाऊंचाही राग येतो, आजही येतो. त्यांनी साचे फोडून टाकले. दुकानासाठी रंगवलेला कागद कुठे गेला, मी विचारलं नाही. उरलेला पांगारा काकूंनी चुलीत घातला, तो नीट जळतही नाही, नुसता धुमसतो. भाऊ लोकांच्या खुर्च्या, कुकर, शिलाई मशिनी दुरुस्त करत बसले. एकदा न राहवून मी म्हटलं, आता तरी सांगू द्या, मिलवाला आता काय करणार आहे? ते कुकरची शिटी फुंकून बघत होते. "मरळ दिसून राह्यली म्हणते सिंधूबाई," एवढंच बोलले. त्या हिवाळ्यात सिंधूबाईंनी आणलेल्या मरळी खरंच मोठ्या होत्या. त्यांनी भाऊंसाठीही एक आणली, गंमत म्हणून, आणि भाऊ ताट घेऊन अंगणात गेले.

गेल्या थंडीत ते गेले. सकाळी अंगणात ऊन खात बसले होते, तसेच. तेरवीला सगळा गाव आला. मिलवालाही आला, पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून, फ्लेक्सवरच्यासारखाच. मांडवात पिण्याच्या पाण्याचं मोठं घंगाळ ठेवलं होतं. पंगत बसायची होती, लोक उगाच उभे होते. तेव्हा मिलवाला चार जणांत म्हणाला, माणूस देवमाणूस होता, पण बेडूक काही जमला नाही बा. आणि ते चौघे हसले. त्याच माणसाच्या तेरवीला, त्याच्याच दारात, त्याच्या बायकोच्या समोर!

मी माझ्या खोलीत गेले आणि फ्रिजवरचा बेडूक घेऊन आले. घंगाळात सोडला. तो एकदा डोलला आणि सरळ तरंगायला लागला, गुंजांचे डोळे वर करून. मग मी वर्गात बोलते त्या आवाजात बोलले. हा आहे भाऊंचा बेडूक, पांगाऱ्याचा. त्या दिवशी तुम्हाला दिले त्यांत धावडा होता. कुऱ्हाडीचे दांडे कापून घातले होते, मी डोळ्यांनी पाहिलंय. बुडावेत म्हणूनच बनवले होते, कारण तुम्ही सगळे पिल्लांवरच्या आईला मारणार होता. दुकानदार समोर उभा होता, तरी बुडवले.

काकू पदराने तोंड झाकून खाली बसल्या. "माझे दांडे," एवढंच म्हणाल्या. सिंधूबाई मांडवाच्या खांबाला धरून उभ्या होत्या. "मी बी हसली होती, बाप्पा," त्या म्हणाल्या, कुणाला ते कळलं नाही.

मिलवाला घंगाळाजवळ आला होता. मला वाटलं, आता मान खाली घालेल, निदान दोन शब्द बोलेल. त्याने बेडूक पाण्यातून उचलला. पोट दाबून पाहिलं, परत सोडला, परत तरंगलेला पाहिला आणि डाव्या हातात घेतला. त्याचे डोळे चमकत होते.

"मॅडम, हा मले द्या. गळ मी बसवून घेतो," तो म्हणाला. "असा आता कुठीच भेटत नाई."

मी एवढंच विचारलं, शपथेचं काय?

त्याने लगेच बाही वर केली आणि उजवा हात घंगाळात घातला, अंगठ्यांसकट, सगळ्यांच्या पिण्याच्या पाण्यात. आणि म्हणायला लागला: आखाड लागला की बेडूक पेटीत. पोळा फुटल्याबिगर पाण्यात नाई. पिल्लंवाल्या मायच्या अंगावर तर कदीच नाई. एकही शब्द चुकला नाही. इतकी वर्षं त्याला ती तोंडपाठ होती.

मी त्याच्या डाव्या हातातून माझी चप्पल काढून घेतली आणि काकूंजवळ जाऊन बसले. त्याचा उजवा हात अजून पाण्यातच होता.